पऱ्हाटी उपटायचे दिवस

आमचं दीड एकर कोरडवाहू शेत. त्यातली पऱ्हाटी घरच्या चुलीला चार महिने पुरायची, फार तर पाच. उरलेल्या महिन्यांचं जळण माय दुसऱ्यांच्या शेतातून आणायची. विकत नाही, आणि मागूनही नाही. आमच्या तिगावकडे रीतच तशी होती. कापूस वेचून संपला की झाडं वाळून काळी पडतात, तीच पऱ्हाटी. शेतवाल्याला शेत रिकामं पाहिजे असतं आणि ज्यांच्या घरी जळण नाही त्यांना काडी पाहिजे असते. मग बायांनी शेत उपटून साफ करून द्यायचं आणि उपटलेली काडी घरी न्यायची. रोजी नाही. काडी हीच रोजी.

माघ सरत आला की होळीपर्यंत माय अशी दोन-तीन शेतं उपटायची. वाळलेल्या बोंडांची टोकं सुईसारखी असतात, ती तळहातात शिरून मोडतात. माय जुन्या लुगड्याच्या चिंध्या हातांना गुंडाळून जायची. परत आल्यावर त्या सोडताना काही चिंध्या कातडीला चिकटलेल्या असायच्या. कोमट पाण्यात हात बुडवून ती त्या सोडवायची आणि त्याच हातांनी पीठ मळायला बसायची. बाबा संत्र्याच्या बागांमध्ये मजुरीला जायचे, त्यामुळे भारे वाहायलाही तीच. भारा डोक्यावर असला की तिचं तोंड दिसायचं नाही. पांदणीतून एक झुडूप चालत येतंय असं वाटायचं आणि झुडूप खोकलं की समजायचं, माय आली.

घरात दोन खोल्या. स्वयंपाकाच्या खोलीला खिडकी नव्हती, धूर जायला छपराचे दोन कवेलू सरकवून ठेवलेले. पावसाळ्यात तेही बंद करावे लागायचे.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून पहिली. हे मी कुठंही सांगते, त्यात लाजायचं काय? पण ते शिक्षण कोणत्या जळणावर शिजलं हे सांगायचं, तर त्या शिक्षणाचं मी घरात काय केलं हेही सांगावं लागेल. इतकी वर्षं मी ते टाळून राहिले होते.

परवा मी शिकवते त्या सौंसरच्या शाळेतून बसने घरी येत होते. परीक्षेचे दिवस, माझ्या मांडीवर पोरांच्या प्रॅक्टिकलच्या वह्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याचा आंबिया बहार फुटलेला. ज्यांनी तो वास घेतला नाही त्यांना कसा सांगू? गोड आहे, पण साखरेसारखा नाही. आंघोळ करून आलेलं लेकरू जवळ बसावं तसा. बसच्या फुटक्या खिडकीतून तो आत येत होता आणि मध्येच त्यात दुसरा वास मिसळला. कोरडा, धुळीचा, किंचित कडू. बाहेर पाहिलं तर एका शेतात ट्रॅक्टर उपटून पसरलेल्या पऱ्हाटीवरून चालला होता. मागच्या मशीनमधून झाडांचा भुगा होऊन जमिनीवर पसरत होता. माझ्या शेजारी बसलेल्या बाईने पदर नाकाला लावला. मी लावला नाही. तो वास माझ्या मायचा आहे.

परीक्षा आणि पऱ्हाटी आमच्या घरी एकदमच यायच्या. दहावीला, बारावीला, कॉलेजात, दर वर्षी. मी एकदा म्हटलं, आज मी येते तुझ्यासोबत, दोन हात जास्त. माय चिडली. "पऱ्हाटी त कोनीबी उपटते. तुया पेपर कोन लिहीन, म्या?" आणि दाराबाहेर जाऊन पुन्हा आत आली. "चुलीपाशी बसून वाचू नोको. डोये खराब होतीन." स्वतःच्या डोळ्यांचं तिने नाव काढलं नाही.

पऱ्हाटीचा जाळ मोठा इमानदार, पण फार भुकेला असतो. लाकडासारखा लावून दिला आणि कामाला लागलं असं चालत नाही. काडी भसकन पेटते आणि विझते, म्हणून सारखी सारावी लागते. मायचा डावा हात चुलीत आणि उजवा परातीत. एक भाकर भाजून होईपर्यंत सात-आठ काड्या. तोंड सतत जाळाकडे. श्रावणात काडी ओलसर झाली की जाळ कमी आणि धूरच जास्त. मग ती फुंकणी घेऊन वाकायची, आणि फुंकायला छातीत जेवढा वारा घ्यायची त्यात अर्धा धूर असायचा. हे मला आज दिसतं. तेव्हा फक्त भाकर दिसायची. त्या भाकरीला जी खरपूस चव होती, ती मला पुन्हा कुठं मिळाली नाही हेही खरं आहे. मी खोटं कशाला बोलू?

पांढुर्ण्याला कॉलेजात जायला लागले आणि मला पहिल्यांदा माझाच वास आला. म्हणजे मला नाही, माझ्या मागच्या बेंचवर बसणाऱ्या मुलीला. ती तिथल्याच कापड दुकानदाराची. माझी ओढणी चिमटीत धरून ती हिंदीत म्हणाली, "तुम्हारे घर रोज हवन होता है क्या?" सगळ्या हसल्या. मीही हसले, दुसरं काय करणार? घरी येऊन केस धुतले, ओढणी धुतली, बाहेर काटेरी कुंपणावर वाळत टाकली. सकाळी ती पुन्हा चुलीच्या धुरातून माझ्या अंगावर आली. माझ्या वह्यांनाही वास असायचा. सबमिशनच्या वेळी मी वही सरांच्या टेबलावर सगळ्यात खाली सरकवायची.

दुसऱ्या वर्षी पर्यावरणाचा पेपर होता. आमचा भाग हिंदी राज्यात, म्हणून माझं सगळं शिक्षण हिंदीत झालं. मराठी फक्त घरातली, बोलायची. लिहायला मी पुढे स्वतःच शिकले. पुस्तक महाग, म्हणून गाइड घेतलं. गाइडमध्ये महत्त्वाच्या प्रश्नांना फुली मारलेली असते, मी तेवढेच प्रश्न पाठ केले. त्यात एक होता: नवीकरणीय ऊर्जा म्हणजे काय, उदाहरणासह समजवा. उत्तर असं: कोळसा, तेल, गॅस जमिनीतून निघतात, एक दिवस संपतील. सूर्य, वारा, शेतातला उरलेला काडीकचरा दर वर्षी नव्याने मिळतो. काडी जळताना तेवढाच कार्बन हवेत सोडते, जेवढा वाढताना तिने हवेतून घेतला होता. म्हणून ते पर्यावरणाला अनुकूल इंधन.

हे वाचताना मला काय झालं ते कसं सांगू! ज्या धुराने वर्गात मला मान खाली घालायला लावली होती, त्यालाच गाइड मान देत होतं. मी उठून सरळ चुलीपाशी गेले. म्हटलं, माय, तू जे करून राहिली ना, ते सगळ्यात बरोबर आहे. मोठमोठे लोक आता हेच म्हणून राहिले. शहरातले लोक गॅस जाळून दुनिया संपवून राहिले आणि तू वाचवून राहिली.

माय डोळे पुसत हसली. धुराने पुसत होती की कशाने, कोण जाणे. "म्या दुनिया वाचवून राहिली?" ती म्हणाली. "मंग तुया बाबाले सांग. ते म्हनते मले काईच येत नाई."

त्या प्रश्नावर मला चांगले मार्क मिळाले. उदाहरण म्हणून मी आमच्याच पऱ्हाटीचं लिहिलं होतं. सरांनी वर्गात वाचून दाखवलं. मागच्या बेंचवरची मुलगी या वेळी वहीत लिहून घेत होती.

त्यानंतर वर्षाच्या आतच गॅसचे फॉर्म भरणारे लोक गावात आले. बायकांच्या नावाने सरकारी कनेक्शन, टंकी, शेगडी. शाळेच्या ओट्यावर टेबल मांडलेलं. आमच्या शेजारच्या लीलाकाकूने सगळ्यात आधी अंगठा दिला आणि सरळ आमच्या दारात आली. काकूचं तोंड म्हणजे पोळ्याचा ढोल. "चाल वं, उठ! तुये कागदं घे. उद्यापासून आपून बी शेहरातल्या बाया."

माय माझ्याकडे पाहत होती. "काय म्हनते बाई? भरू का फारम?"

मी ओसरीत वाचत बसले होते. मी मान वर केली आणि जे बोलले ते शब्दाला शब्द मला आठवतं. मी म्हटलं, "काय करायचा गॅस? जमिनीतून काढतात, संपून जाणार. भरायला दर वेळी पैसे लागतील ते वेगळेच. पऱ्हाटी दर वर्षी उगवते. तुझी चूलच बरोबर आहे, मी शिकले आहे ते."

लीलाकाकू कमरेवर हात ठेवून म्हणाली, "होय का वं मास्तरीनबाई! मंग तूच बस नं चूल फुकाले. तुया पुस्तकात धूर नाई लागत वाटते."

माय मात्र ताठ झाली. माझ्या बाजूने बोलायची संधी तिला कोणी फार दिलेली नव्हती. "माही पोरगी कालेजात शिकते, लीला. तिले नाई समजन त काय तुले समजन? आमाले नाई पाह्यजे गॅस." हे ती काकूला म्हणाली आणि मग ओट्यावर जाऊन फॉर्मवाल्यालाही सांगून आली. परत आली तेव्हा तिची चाल वेगळी होती. मला वाटलं, अभिमानाची आहे. अभिमानाचीच होती.

मी पुढे बीएडला छिंदवाड्याला गेले. होस्टेलवर गॅस होता. सकाळी चहा करताना मी त्यावर हात शेकायची आणि मला काहीच आठवायचं नाही. माझ्या कपड्यांचा वास गेला होता. होळीच्या सुट्टीत घरी यायची तेव्हा माय शेतात असायची. एका वर्षी मी तिला शोधत गेले तर ती बांधावर बसलेली. उपटलेली पऱ्हाटी समोर पसरलेली, चार ओळी अजून उभ्या. शेजारच्या बागेत बहार इतका की मधमाश्यांचा आवाज रस्त्यापर्यंत. ती तोंड उघडं टाकून श्वास घेत होती.

"काय झालं?"

"काई नाई. वारा कमी हाय आज."

वारा भरपूर होता. तिच्या चिंध्या हलत होत्या.

मग दोन वर्षं खोकला. आधी काढा, मग गावातलं इंजेक्शन, मग पांढुर्णा, मग नागपूर. नागपूरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यावर धरून विचारलं, "या बिडी ओढतात?" मला राग आला. मी म्हटलं, नाही, कधीच नाही. "मग स्वयंपाक कशावर करतात?" मी सांगितलं. "किती वर्षं?" माय म्हणाली, "लगन झालं तवापासून. त्याच्या आधी बी." डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. म्हणाले, फुप्फुसं जितकी गेली तितकी गेली, आता उरलेली सांभाळायची. धूर आजपासून बंद. मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात: "तुमच्या गावात गॅस नाही आला का? सगळीकडे तर आला."

आला होता, असं मी म्हटलं. आणि फोटो उचलून पिशवीत घातला.

परतीच्या गाडीत माय खिडकीला डोकं टेकून झोपली. बाबा समोर बसले होते. बाबा कमी बोलणारे. बोलले तरी जमिनीकडे पाहून. ते म्हणाले, "तिनं कागदं काढून ठेवली होती."

"कोणती कागदं?"

"गॅसची. लीला आल्ती त्याच्या आधीच. आधार कार्ड, पासबुक, फोटो. फोटो काढाले खास पांढुर्ण्याले गेलती. सारं पदराले गाठ मारून बसली होती. तू नाई म्हनली, मंग तिनं गाठ सोडली, पेटीत ठेवून देलं." मग म्हणाले, "म्या म्हटलं होतं, भर. त माय म्हने, पोरीचं शिक्षन खोटं पाडू का?"

तिगाव येईपर्यंत मायच्या घशातून प्रत्येक श्वासाला बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. मी तो मोजत नव्हते. पण तो सोडून मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

मी त्याच आठवड्यात गॅस घेतला. आणि इथं असं झालं जे आमच्याच घरी होऊ शकतं. माय गॅसला हात लावेना. माझा भाऊ गजू, त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. वहिनी गॅसवर भाजी करायची आणि माय हळूच चूल पेटवून भाकरी थापायची. वहिनी माझ्यापाशी रडली. "मी काय सांगू ताई? त्या म्हणतात, माह्या पोरीनं सांगतलं आहे चूलच बराबर. आता बीमारी आली म्हनून तिची गोष्ट बदलाची का?"

मी मायसमोर जाऊन बसले. चूल पेटलेली होती. मी म्हटलं, "माय, मी चुकले."

"पुस्तक कसं चुकन?"

"पुस्तक नाही चुकलं. मी अर्धंच वाचलं. काडी दर वर्षी उगवते, हे खरं. ती दुनियेला बरी, हेही खरं. पण ती घराच्या आत, बिना खिडकीच्या खोलीत जळली तर जाळणाऱ्या बाईचं काय होते, हे पुढच्या पानावर होतं. गाइडमध्ये त्यावर फुली नव्हती. मी वाचलंच नाही."

मायने जाळात आणखी एक काडी सारली. मग म्हणाली, "तुले मार्क भेटले होते ना पन त्याचे?"

"भेटले."

"मंग जाऊ दे." आणि तिने काडी बाहेर ओढून राखेत विझवली.

त्यानंतर ती पावणेदोन वर्षं होती. घरात धूर नव्हता, तरी गेलेला वारा परत येत नाही. दुपारी ती बाहेर खाटेवर बसायची. फाल्गुनात बहाराचा वास आला की मी म्हणायची, घे, मोठा श्वास घे. ती मान हलवायची. मोठा श्वास तिच्याकडे नव्हता. छोट्या-छोट्या घोटांनी ती तो वास प्यायची, गरम चहा पितात तशी. गेली तीही अशाच दिवसांत, दुपारी, ऊन तापलेलं असताना. शेताशेतात पऱ्हाटी उभी होती. तिला न्यायला लोक जमले, त्यातल्या निम्म्या बायांच्या हातांना चिंध्या होत्या. शेतातून तशाच आल्या होत्या.

त्या चिंध्या पाहून मला समजलं की माझं रडणं एवढ्यावर संपणार नाही. टंक्या सगळ्यांच्या घरी होत्या. लीलाकाकूची टंकी फुलांच्या चादरीखाली झाकलेली, पाहुणे आले की चहापुरती. "भराले पैसे कुठून आनू वं?" काकू म्हणाली. "रोजीच्या बदल्यात काडी भेटते, मंग काडीच जाळतो." तिचा ढोल आता खोकल्याने फाटला होता. सरकारने टंकी दिली, चांगलं केलं. पण बाईच्या हातात काडीच येत असेल, तर ती काडीच चुलीत घालणार. एवढी साधी गोष्ट कोणत्याही गाइडमध्ये नव्हती, आणि मला ती कळायला माय जावी लागली. याची लाज मला आहे. ती जाणार नाही, आणि जाऊही नये.

मी बोलले असते तर कोणी ऐकलं नसतं. एकदा माझं ऐकून काय झालं ते आमच्या घरांच्या साऱ्या ओळीला माहीत होतं. बोलली ती वहिनी. पुढच्या पऱ्हाटीला बंडूभाऊ, ज्यांचं नाल्याकाठी मोठं शेत आणि बाग आहे, बायांना बोलवायला आले. वहिनी पुढे झाली. "उपटतो भाऊ. पन यंदा काडी नोको. काडी तुमच्याच शेतात राहू द्या, मशीन फिरवून खत करा संत्र्याले. आमाले रोजी द्या, टंकी भराले."

बंडूभाऊ हसले. "फुकटची काडी सोडून बाया रोजी मागून राहिल्या! जमाना पाहा."

"फुकटची नव्हती ते," मागून लीलाकाकू म्हणाली. "हिच्या सासूनं तिची किंमत देली."

बंडूभाऊंचं हसू गेलं. ते निघून गेले. आठ दिवस कोणी बोलवायला आलं नाही. बाया माझ्याकडे पाहायच्या, मी खाली पाहायची. वाटलं, पुन्हा एकदा शिकलेल्या पोरीच्या घरातून चुकीचा सल्ला निघाला. नवव्या दिवशी त्यांचा माणूस आला, भाऊ रोजी द्यायला तयार आहेत म्हणून. सगळं एकाएकी झालं नाही. एका वर्षी दोनच शेतवाले कबूल झाले, एका वर्षी एक फिरला. दोन घरं मध्येच पुन्हा चुलीवर गेली, मग परत आली. आंघोळीचं पाणी अजून बाहेर अंगणात काडीवरच तापतं, आणि ते मी चूक म्हणत नाही. उघड्यावर धूर वर जातो, कोणाच्या छातीत जात नाही.

माझ्या वर्गात मी तो धडा शिकवते तेव्हा दोन्ही पानं शिकवते. पोरं विचारतात, मॅडम, हे परीक्षेला येतं का? मी म्हणते, नाही येत. तरी लिहून घ्या.

आमच्या ओळीत लीलाकाकूच्या घरापासून नाल्यापर्यंत नऊ घरं आहेत. त्या घरांतल्या बायांना आता पऱ्हाटी उपटायची रोजी मिळते, काडीचं शेतातच खत होतं, आणि नऊही घरांत रोजचा स्वयंपाक गॅसवर होतो.